मधलं नाव

ज्या कोणी तो गेम बनवला तो माणूस मला कधी भेटलाच, तर मी त्याला आधी एकच विचारणार आहे, तुला बाप होता का? पुढचं काय करायचं ते त्याच्या उत्तरावर ठरवेन.

गेम वाईट दिसायचा असं नाही. तिथेच तर गोम होती. पडद्यावर एक पांढरट-पिवळा गोळा उड्या मारायचा. मांजर म्हणावं तर कान सशाचे, ससा म्हणावं तर शेपूट मांजराचं. डोळे बशीएवढे. त्याला गाजर द्यायचं, आंघोळ घालायची, माउसने पोटाला गुदगुल्या करायच्या, की तो खी-खी हसायचा. मला ते हसणं पहिल्या दिवसापासून डोक्यात जायचं. पण तो माझ्यासाठी नव्हताच, माझ्या धाकट्या भावासाठी होता. भाऊ तेव्हा दुसरीत होता आणि मी सातवीत.

आम्ही सिल्व्हर पार्कला राहायचो, चौथ्या मजल्यावर. बिल्डिंगला लिफ्ट होती, पण ती चालायची कमी आणि बंद असल्याची पाटी मिरवायची जास्त. मुंबईतली खोली विकून पप्पांनी इथे वन बीएचके घेतला होता. घेतल्यावर दोनेक वर्षांतच त्यांना तो लहान वाटायला लागला असावा, कारण ते दुसरीकडे राहायला गेले. दुसरीकडे म्हणजे दुबईला वगैरे नाही. भाईंदर वेस्टला, राई गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवी बिल्डिंग उठली होती तिथे, एका बाईंकडे. रिक्षात बसलं तर डोक्यातला राग उतरायच्या आत पोचता येईल इतकं ते जवळ होतं. हे मला कोणी समोर बसवून सांगितलं नाही. मामी फोनवर मावशीला सांगत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात पाणी पीत उभी होते. धाकट्याला सांगितलं होतं की पप्पा टूरवर आहेत.

समोरच्या दारातल्या आंटींनाही तेच सांगितलं होतं. मी दप्तर घेऊन जिना चढून आले की त्या बरोबर कचऱ्याची बादली घेऊन बाहेर यायच्या.

"पापा दिखते नहीं आजकल?"

"टूर पे हैं."

"बहोत लंबा टूर है, बेटा." असं म्हणून त्या माझ्या खांद्यावरून आमच्या दाराशी कोणाच्या चपला आहेत ते बघून घ्यायच्या. मला त्या बादलीसकट त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटायचं. मी हसून "हाँ आंटी" म्हणायचे.

आई पप्पांचं नाव घेत नसे. आधीही घेत नव्हती. बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते हळदीकुंकवाला चार बायकांनी फारच आग्रह केला तर उखाण्यात, एरवी नाही, हे तिच्या हाडीमांसी रुजलेलं. आधी ते तिचे 'हे' होते. 'हे आले', 'ह्यांना वाढ', 'ह्यांचा डबा भर'. ते गेल्यावर ती सोय राहिली नाही, कारण 'हे' म्हणायला माणूस जवळ असावा लागतो. मग ती 'ते' म्हणायला लागली. मी मनातल्या मनात आणखी एक पायरी खाली उतरले आणि 'तो' म्हणायला लागले. उघड म्हणायची हिंमत नव्हती, पण मनात अगदी चवीने म्हणायचे. असं करता करता त्याचं नाव घरातून पार हद्दपार झालं. फक्त शाळेत हजेरी घेताना बाई पूर्ण नाव घ्यायच्या, तेव्हा माझ्या नावाच्या मागोमाग ते यायचं आणि मी "हजर" म्हणायचे. तो हजर नसताना त्याच्या नावाला मी हजर म्हणायचं, याची मला रोज नव्याने चीड यायची.

आईने एका दवाखान्यात रिसेप्शनची नोकरी धरली. धाकट्याला कुत्रा हवा होता. पप्पांनीच कधीतरी कबूल केला होता, कबूल करायला काय जातंय. सोसायटीच्या सेक्रेटरीने मात्र कुत्रा चालणार नाही म्हणून आधीच बजावलेलं. शेवटी आईने स्टेशनबाहेर रस्त्यावर मांडून बसलेल्या एका सीडीवाल्याकडून ती सीडी आणली. वर चिनी की जपानी अक्षरं आणि तो गोळा.

"घे," ती धाकट्याला म्हणाली, "ह्याला पाळ. हा भुंकत नाही, घाण करत नाही, आणि सेक्रेटरीला दिसत पण नाही."

कॉम्प्युटर पप्पांनी जायच्या आधीच्या दिवाळीत घेतला होता, मुलांच्या अभ्यासासाठी. त्यावर अभ्यास आम्ही कधी केला नाही.

गेम सुरू करताना तो तुमचं नाव विचारायचा. तीन चौकोन होते. फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम. धाकटा मराठी शाळेत होता, इंग्रजीचे त्याला चार शब्द यायचे. पण त्या चार शब्दांत एक वाक्य बाईंनी घोटून घेतलेलं होतं, 'माय फुल नेम इज', आणि पुढे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. ते तिन्ही त्याला स्पेलिंगसकट पाठ. त्याने एका बोटाने, जीभ बाहेर काढून, तिन्ही चौकोन भरले. मी शेजारीच बसले होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोणाला वाटलं असतं? आपल्याकडे पूर्ण नाव विचारलं की बापाचं नाव सांगतात. दाखल्यावर तेच, रेशनकार्डावर तेच, लग्नाच्या पत्रिकेत तेच. ज्याने गेम बनवला त्याच्या देशात मधलं नाव म्हणजे घरात असलेली एक जादा खुर्ची असेल, जिच्यावर कोणी बसत नाही. आमच्याकडे त्या खुर्चीवर माणूस बसलेला असतो. उठून गेला तरी खुर्ची त्याच्याच नावाची राहते.

काही दिवस छान गेले. छान म्हणजे धाकटा शाळेतून आला की हातपाय न धुता आधी त्या गोळ्याला गाजर द्यायचा. गोळा पडद्यावर त्याचं नाव लिहायचा आणि शेजारी बदाम काढायचा. धाकटा तेव्हा असा खुलायचा की मलाच त्याच्याकडे बघवत नसे. इतकंसं प्रेम दाखवलं की हा पोरगा कोणाच्याही मागे जाईल, असं माझ्या मनात यायचं.

मग त्याला मलेरिया झाला. आमच्या भागात तो सगळ्यांनाच व्हायचा, कोणी त्याचं कौतुक करत नसे. बरेच दिवस कॉम्प्युटरवरचं प्लॅस्टिकचं कव्हर निघालं नाही. आम्हाला वाटलेलं, कॉम्प्युटर बंद तर गेमही बंद. पण तो मेला घड्याळ बघून दिवस मोजत होता.

ताप उतरल्यावर धाकट्याने दुपारी गेम लावला. आई कामावर होती. पडद्यावरची खोली काळोखी झाली होती आणि गोळा कोपऱ्यात पाठ करून बसला होता. धाकट्याने गाजर द्यायला माउस हलवला, पण माउस चालेना. मग स्पीकरमधून बेल वाजली, टिंग-टाँग. हुबेहूब आमच्या दाराची. त्या काळी सगळ्यांच्याच दारावर ती स्वस्तातली बेल असायची. पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं. आधी मधल्या चौकोनातलं नाव. पप्पांचं नाव. त्याच्यापुढे, इज अॅट द डोअर. त्याच्या खाली, डू नॉट ओपन. आणि गोळ्याने मान वळवली. बशीएवढ्या डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं होती आणि तोंड मात्र तसंच हसरं.

मी किंचाळले. खरंच किंचाळले, समोरच्या आंटींना ऐकू गेलं असेल इतकी.

धाकटा घाबरला नाही. त्याने त्या भोकांकडे बघितलंसुद्धा नाही. सगळ्या मजकुरातले त्याला तीनच शब्द वाचता आले होते. पप्पांचं नाव, डोअर आणि ओपन. तो खुर्चीवरून उडी मारून धावला, आतलं दार उघडलं, टाचा उंच करून सेफ्टी डोअरची कडी काढली आणि बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिला.

"कोणी नाहीये," मी म्हणाले.

"लिफ्ट बंद आहे ना, ताई," तो म्हणाला. "चढून येतायत. वेळ लागेल."

आजारातून उठलेला, पायांच्या काड्या झालेल्या, आणि जिन्याच्या कठड्यातून खाली वाकून बघतोय. मला त्याची दया यायला हवी होती. मला राग आला, इतका की कानशिलं तापली. मी त्याला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. तो रडत कॉम्प्युटरपाशी गेला. माउस आता चालत होता. त्याने गाजर दिलं, लगेच उजेड झाला, गोळ्याला डोळे आले आणि तो खी-खी हसून बदाम काढायला लागला, जसं काही घडलंच नाही.

मी त्याला समजावून सांगितलं. ते नाव तूच घातलंस, गेमला काय माहीत पप्पा कोण, आणि खाली लिहिलंय 'उघडू नका', तुला वाचता येत नाही म्हणून. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझ्यावर विश्वास ठेवला असं मला वाटलं. पण पुढच्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की शाळेतून आल्यावर तो गोळ्याला गाजर देईनासा झालाय. गेम लावायचा, गोळा पोटावर हात ठेवून रडायचा, आणि धाकटा हाताची घडी घालून नुसता बघत बसायचा.

"अरे, खायला दे ना त्याला," मी म्हणाले.

"नको. भूक लागू दे."

"का?"

त्याने दाराकडे बघितलं. मग मला उलगडा झाला. गोळा उपाशी राहिला की पप्पा येतात, असा त्याने हिशोब लावला होता. ज्याला जीव लावायला आईने तो गेम आणून दिला होता, त्यालाच हा शांतपणे उपाशी मारत होता, बापासाठी. गेम बनवणाऱ्याला वाटत असेल की मुलं घाबरतील. घाबरली असती तर किती बरं झालं असतं.

आठवडाभर उपास घडला की बेल वाजायची आणि हा दार उघडून पॅसेजमध्ये. आंटी लगेच बादली घेऊन हजर. "किसका वेट कर रहा है, बेटा?" आणि हा त्यांना सांगायचा, "पापा आ रहे हैं." संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं.

एका शनिवारी आई घरी असताना तो प्रकार झाला. मी तिला काही सांगितलं नव्हतं. बेल वाजली तेव्हा ती ओट्यापाशी भाजी चिरत होती. धाकटा दाराकडे धावला आणि मी तिला पडद्यासमोर आणून उभं केलं. म्हटलं, बघ, काय आणून दिलंयस ते. आईला इंग्रजी वाचता यायचं. ती मोठ्याने वाचायला गेली, नावापाशी अडली, ते सोडून पुढचं वाचलं. "इज अॅट द डोअर." तिथे ती थांबली. खालची ओळ तिने वाचलीच नाही. तिने दाराकडे बघितलं, आणि तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला. विस्कटलेले केस तिने कानामागे सारले, पदर नीट केला.

एवढंच. एका श्वासात झालं असेल. पण मी बघितलं आणि तिनेही मी बघितलेलं बघितलं. त्या घडीला मला धाकट्याचा, आंटींचा, त्या गेमवाल्याचा आला नव्हता इतका राग आईचा आला. तो तिकडे राईच्या रस्त्याला दुसरीच्या हातचं जेवतोय आणि ही इकडे केस सारखे करतेय!

"काढून टाकते मी हा गेम," मी म्हणाले.

"राहू दे," आई म्हणाली. "त्याला तेवढंच आहे." आणि परत भाजी चिरायला गेली.

मग मी माझ्या पद्धतीने काढला. गेम नाही, धाकट्याच्या डोक्यातलं खूळ. बेल वाजली की मीच त्याला दाराशी न्यायचे. "चल, उघड. कोण आहे?" तो बघायचा. "कोणी नाही." "जिन्यात बघ. कोण आहे?" "कोणी नाही." "बेल कुठे वाजली?" "गेममध्ये." "परत बोल." तो परत बोलायचा. कधी रडत, कधी नाक ओढत. पाढे पाठ करून घेतात तसं मी ते त्याच्याकडून पाठ करून घेतलं. आईला ह्यातलं काही माहीत नव्हतं. सगळ्यांनी त्याला गोड गोड खोटं सांगितलं होतं, खरं सांगणारी मी एकटी होते, आणि खरं सांगायला गोड बोलावं लागतं असं मला कोणी शिकवलं नव्हतं. हळूहळू त्याने दाराकडे धावायचं बंद केलं. मग बेल वाजली तरी तो खुर्चीवरून उठेना. आरामात गाजर द्यायचा आणि उजेड झाला की खेळायला लागायचा. मला जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

परीक्षा झाल्या होत्या आणि सुट्टी लागली होती. एका दुपारी आई कामावर गेलेली, धाकटा गेम लावून बसलेला, मी पंख्याखाली लोळत पडलेली. बेल वाजली.

धाकट्याने पडद्याकडे बघत म्हटलं, "गेम."

मीही तेच धरून चालले. पण बेल परत वाजली, आणि मग सेफ्टी डोअरच्या जाळीवर किल्ली आपटल्यासारखा आवाज आला. गेममध्ये तो आवाज नव्हता. मी उठले. दाराच्या भिंगाला डोळा लावला.

तो उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, जो आमच्या घरातून गेलेला नव्हता. हातात एक पिशवी. चार मजले चढून आल्यामुळे धापा टाकत होता आणि रुमालाने मानेचा घाम पुसत होता. बारीक झाला होता. भिंगातून माणूस विचित्रच दिसतो, डोकं मोठं आणि पाय लहान, तसा दिसत होता. त्याने समोरच्या दाराकडे एकदा वळून बघितलं, आंटी येतात की काय म्हणून असेल, आणि आवाज न देता पुन्हा बेल दाबली.

माझा हात कडीवर होता. काय बोलायचं ते मी कित्येक महिने तयार करून ठेवलं होतं, वाक्यं घासूनपुसून लख्ख. त्यातलं एकही आठवेना. पोटात नुसतं पप्पा, पप्पा असं होत होतं, आणि त्याचाच मला संताप येत होता.

"ताई, इकडे ये," धाकटा मागून म्हणाला. तो खुर्चीवर पाय हलवत बसला होता. "उघडू नको. कोणी नसतं. ह्याला भूक लागलीय म्हणून तो करतो असं."

पडद्यावर उजेडच होता. गोळ्याला डोळे होते. तो जरासा रडत होता, इतकंच. धाकट्याने त्याला गाजर दिलं. अजून एक दिलं. बाहेर बेल एकदा वाजली, अर्धवट, आणि थांबली. जिन्यावरून उतरणाऱ्या बुटांचा आवाज मी शेवटच्या पायरीपर्यंत ऐकला. तो कशाला आला होता, पिशवीत काय होतं, ते मला आजही माहीत नाही.

"बघ," धाकटा म्हणाला, "गेला." आणि गोळ्याच्या पोटाला गुदगुल्या करायला लागला.

संध्याकाळी आई आली. चपला काढता काढता तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोणी आलं होतं का?"

"कोणी नाही," धाकटा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "गेम वाजत होता."

आईने माझ्याकडे बघितलं. "नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.